दोन बोटं

मोर्ल्याला आमच्या मांगरामागे
शिवणीचे ओंडके ओहळाच्या चिखलात
चार-चार महिने पुरलेले असत.
काढले की म्हशीच्या पाठीसारखा वास,
आणि आई दोन दिवस नाकाला पदर लावून भाकऱ्या भाजायची.

शिवणच का, तर हलकी.
खैराचं जू दोन पिढ्या टिकतं,
माझा बाप सगुण मेस्त गिऱ्हाइकाला सांगायचा,
पण त्याखाली बैल टिकायला हवा ना.

वाकसाचा आवाज अजून येतो मला,
नुसता ठक् नव्हे, ठक्-स्स,
लाकडात शिरून बाजूला सरकणारा.
सूत धरायला मी.
एक टोक बापाच्या अंगठ्याखाली, एक माझ्या,
मध्ये कोळशाची काळी रेघ.

एकदा दिवाडीहून पास्कू आला,
आधी फेरीनं, मग कदंबाच्या बसनं,
हातात काथ्याची दोरी, तिला गाठी.
ही तांबड्याची मान. ही कबऱ्याची.
कबऱ्याची गाठ बरीच अलीकडे.
‘मेस्ता, कबरो ओढीना,’ तो म्हणाला,
आणि विकायचा म्हणशील तर तोंड उघडू नकोस,
माझ्या बायकोनं त्याला बाटलीनं दूध पाजलंय.

बापानं विडी विझवून कानावर ठेवली.
सुतानं मध्य काढला,
आणि मध्यावर खूण न करता
तांबड्याच्या बाजूला दोन बोटं सरकून केली.
‘हाळीस इथं बांध.’
लांब बाजू कबऱ्याची.

पास्कूला ते कितपत कळलं, माहीत नाही.
मला कळलं, कारण नवीन जू झालं की
एका खाचेखाली बाप मान द्यायचा, दुसरीखाली मी,
आणि हाळिसाच्या जागी वाळूची गोण बांधून
आम्ही अंगणभर ओढायचो.
तो गुडघे मोडून चालायचा, माझ्या उंचीला.
त्या दिवशी गोण माझ्या वाट्याला
जवळजवळ आलीच नाही.
बापाच्या मानेवरची शीर तेवढी दिसत होती.

मग फुटक्या बाटलीच्या काचेनं खाचा तासल्या,
बापानं गाल घासून बघितला,
कुसळ लागलं, पुन्हा काच,
मग खोबरेल, बांबूच्या शिवळा,
कुंभ्याच्या सालीची जोती.
पास्कू जू खांद्यावर घेऊन बसथांब्याकडे गेला.
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं म्हणे.

परवा कळंगुटला भाच्याच्या साखरपुड्याचं जेवण.
छताला साखळीनं टांगलेलं जू,
खाऱ्या वाऱ्यानं पांढुरकं झालेलं,
दोन टोकांना दोन दिवे,
आणि आखूड टोकाला, दिव्याच्या शेजारी,
वाळू भरलेली बिअरची बाटली.
‘सरळ राहत नाही ते,’ वाढणारा पोरगा म्हणाला,
‘बनवणाऱ्याचा मध्य चुकलाय.’

मी किसमूर कालवत होते.
हात पुसला, चपला काढून खुर्चीवर चढले.
मावशी, अगं मावशी, असं चाललं होतं खाली.
एक खाच खोल, आरशासारखी झिजलेली.
दुसरी उथळ; तिच्यात काचेचे ओरखडे
अजून बोटाला लागतात.
सजावटीची रिबीन सोडवली,
एक टोक भाच्याला धरायला लावलं,
लांबी घेतली, दुमडली, जवावर लावली,
आणि साखळीपासून मध्यापर्यंत बोटं ठेवली.

दोन नाही भरली.
तीन भरली.
बापाचा पंजा रुंद होता.

‘ही बाटली सोडू का?’ मी विचारलं.
‘मग वाकडं दिसेल ना,’ पोरगा म्हणाला,
आणि सोलकढी आणायला गेला.